नकाशात रंग भरण्याआधी ठिपके दाखवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नदीच्या किंवा तलावाच्या पाण्याचा रंगीत नकाशा छापून आला की वाचक आधी रंग बघतो. लाल म्हणजे वाईट, पिवळे म्हणजे बरे, निळे म्हणजे चांगले, एवढे त्याला लगेच कळते. ते पाणी नेमके कुठून, किती वाजता, किती खोलीवरून घेतले आणि त्या दिवशी नदीला किती पाणी होते, हे मात्र नकाशाखाली क्वचितच सापडते. पाण्याची तपासणी आणि नकाशे हे आमचे रोजचे काम आहे, म्हणून ठामपणे सांगतो, की एवढी माहिती नसेल तर असा नकाशा वाचताच येत नाही. आमची आपल्याकडे एकच मागणी आहे. असा नकाशा छापताना नमुने घेतलेल्या जागांचे ठिपके, तारीख, वेळ, खोली आणि नदीचा विसर्ग (सेकंदाला वाहणारे पाणी) सोबत छापावा, आणि जिथे कोणी नमुना घेतलेलाच नाही तो भाग रंगवू नये. हे का गरजेचे आहे ते सविस्तर मांडतो.

विरघळलेल्या ऑक्सिजनपासून सुरुवात करू, कारण बातमीत बहुधा तोच आकडा असतो. समुद्रसपाटीला २० अंश सेल्सिअस तापमानाच्या गोड्या पाण्यात हवेतून जास्तीत जास्त सुमारे ९.१ मिलिग्रॅम प्रति लिटर ऑक्सिजन विरघळतो, ३० अंशांना सुमारे ७.६. सहाशे मीटर उंचीवरच्या तलावात हवेचा दाब कमी असल्याने त्यात आणखी सात टक्क्यांच्या आसपास घट होते. त्यामुळे कडक उन्हाळ्यात मोजलेला ७ हा आकडा जवळजवळ पूर्ण भरलेल्या पाण्याचा असतो, आणि १५ अंशांच्या थंड पाण्यातला तोच ७ म्हणजे पाण्यात काहीतरी कुजत असून ते ऑक्सिजन खात असल्याची खूण असते. म्हणून मिलिग्रॅमच्या जोडीला तापमान आणि संपृक्ततेची टक्केवारी (मावू शकणाऱ्या ऑक्सिजनपैकी किती टक्के आहे ते) दिली पाहिजे.

घड्याळाची वेळ तर याहून महत्त्वाची. शेवाळाने हिरव्या झालेल्या तलावात दिवसभर प्रकाशसंश्लेषण चालते आणि दुपारी तीनच्या सुमारास ऑक्सिजन संपृक्ततेच्या बराच वर, कधी १२ ते १५ मिलिग्रॅमपर्यंत चढतो. सूर्य मावळला की तेच शेवाळ, जिवाणू आणि तळाचा गाळ मिळून ऑक्सिजन वापरत राहतात आणि सूर्योदयाच्या थोडे आधी तो सर्वांत खाली येतो. मासे मरतात ते या वेळी. नमुने घेणारी माणसे मात्र बहुतेक सकाळी दहानंतर काठावर पोहोचतात, त्यामुळे आजारी तलाव नकाशावर ठणठणीत दिसतो. त्यातही एका दिवसात वीस ठिकाणे फिरायची म्हटली की पहिले ठिकाण सकाळी आठचे आणि शेवटचे दुपारी चारचे होते. नकाशावर दिसणारा फरक मग जागेचा की वेळेचा, हे सांगता येत नाही. उपाय दोन आहेत. सगळी ठिकाणे दोन तासांच्या आत उरकतील एवढी माणसे लावायची, नाहीतर एका ठिकाणी दर पंधरा मिनिटांनी नोंद घेणारा प्रोब (पाण्यात बुडवून ठेवायचे मापक उपकरण) चोवीस तास ठेवून त्या आधारे बाकीच्या आकड्यांकडे बघायचे.

प्रोबवरही आंधळा विश्वास नको. पाण्यात आठवडाभर ठेवलेल्या प्रोबवर बुळबुळीत थर चढतो. तो थर स्वतःच ऑक्सिजन वापरतो आणि आकडा हळूहळू उतरू लागतो. आलेख पाहणाऱ्याला वाटते, नदी बिघडत चालली आहे. त्यामुळे प्रोब बाहेर काढल्यावर साफ करण्याआधी एकदा आणि साफ केल्यावर एकदा, त्याच बादलीतल्या पाण्यात आकडा घ्यावा. दोन्हींतला फरक म्हणजे थरामुळे आलेली चूक. त्यानंतर प्रमाण द्रावणात तपासून जो फरक मिळतो, ती उपकरण सरकल्याची चूक. दोन्ही वेगवेगळ्या लिहून ठेवल्या तरच मधल्या दिवसांचे आकडे दुरुस्त करता येतात.

मीटरवर शंका आली तर रसायनांनी ऑक्सिजन मोजण्याची विंकलर पद्धत आजही निर्णायक ठरते. तीनशे मिलिलिटरची काचेची, तिरक्या बुचाची बाटली घ्यायची. नळी बाटलीच्या तळाशी टेकवून पाणी हळू सोडायचे आणि बाटलीच्या दोन-तीन पट पाणी वाहून जाऊ द्यायचे, म्हणजे आधी हवेला लागलेले पाणी निघून जाते. बुडबुडा राहता कामा नये. मग मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड-अझाइड ही दोन द्रावणे प्रत्येकी एक मिलिलिटर, पिपेटचे टोक पाण्याखाली धरून सोडायची, बूच लावून बाटली उलटसुलट हलवायची. तयार होणारा साका (न विरघळणारा गाळ) तपकिरी झाला तर ऑक्सिजन आहे, पांढराच राहिला तर जवळजवळ नाही. हे नदीकाठीच डोळ्यांनी दिसते. साका खाली बसल्यावर एक मिलिलिटर तीव्र सल्फ्युरिक आम्ल घालून तो विरघळवायचा. पाणी पिवळे होते, ते मोकळ्या झालेल्या आयोडीनमुळे. यातले २०१ मिलिलिटर घेऊन ०.०२५ नॉर्मल सोडियम थायोसल्फेटने टायट्रेशन करायचे, म्हणजे ब्युरेट या खुणांच्या नळीतून ते थेंबथेंब सोडायचे. रंग फिक्कट गवती झाला की स्टार्च घालायचा, निळा रंग येतो, तो पहिल्यांदा नाहीसा होईल तिथे थांबायचे. दोनशेऐवजी २०१ का, तर आधीच्या दोन द्रावणांनी बाटलीतले दोन मिलिलिटर पाणी बाहेर ढकललेले असते. या हिशेबात ब्युरेटमधला एक मिलिलिटर म्हणजे एक मिलिग्रॅम प्रति लिटर. निळा रंग थोड्या वेळाने परत येतो. त्याला पुन्हा थेंब घालत बसले की आकडा वाढून येतो.

आता नदीतली जागा. एखादा सांडपाण्याचा नाला डाव्या काठाला मिळतो, आणि पुलावरून दोरीने सोडलेली बादली पात्राच्या मध्यावर पडते. नाल्याचे पाणी नदीत पडल्याबरोबर सगळीकडे मिसळते अशी समजूत आहे, आणि ती चुकीची आहे. पात्र ५० मीटर रुंद, सरासरी खोली दीड मीटर आणि वेग सेकंदाला अर्धा मीटर धरा. घर्षणवेग (तळाच्या घर्षणामुळे पाणी किती घुसळते त्याचे माप) सेकंदाला ५ सेंटिमीटर धरून जलविज्ञानातल्या नेहमीच्या सूत्राने अंदाज काढला, तर काठाला सोडलेले पाणी पात्राच्या पूर्ण रुंदीत मिसळायला सुमारे ११ किलोमीटर लागतात. तोवर घाण डाव्या काठाला चिकटून वाहत राहते. मध्यावर घेतलेला नमुना स्वच्छ येतो, डाव्या काठाचा भयंकर, आणि दोन्ही आकडे खरे असतात. वळणे, खडक, बंधारे असले तर मिसळण लवकर होते. धरणाखालच्या संथ पाण्यात आणखी उशिरा.

हे तपासायला महागडे काही लागत नाही. विद्युत वाहकतेचा, म्हणजे पाण्यातून वीज किती सहज जाते ते सांगणारा, मीटर घेऊन पात्राच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत निदान पाच ठिकाणी आकडा घ्यावा. पाचही आकडे एकमेकांच्या पाच-दहा टक्क्यांच्या आत असले तर त्या छेदात पाणी मिसळलेले आहे आणि मध्यावरचा एक नमुना चालेल. नसले तर पात्राचे प्रवाहाच्या प्रमाणात भाग पाडून प्रत्येक भागातून नमुना घ्यावा लागतो. वाहकतेचा मीटर २५ अंशांना दुरुस्त केलेला आकडा दाखवतो की पाण्याच्या तापमानाचा, हे आधी बघून ठेवावे. दर अंशाला सुमारे दोन टक्के फरक पडतो आणि सकाळ-दुपारच्या आकड्यांत तो सहज दहा टक्क्यांवर जातो.

नमुना घेण्याच्या रीतीतही चुका होतात त्या साध्याच, पण सगळ्या कामावर पाणी फिरवणाऱ्या. पाण्यात उतरून नमुना घ्यायचा तर प्रवाहाच्या खालच्या अंगाने यायचे, प्रवाहाकडे तोंड करून उभे राहायचे आणि बाटली आपल्या समोर, वरच्या अंगाला धरायची. पायाने उठलेला गाळ मागे वाहून जातो. बाटलीचे तोंड पृष्ठभागाच्या २० ते ३० सेंटिमीटर खाली हवे, कारण अगदी वरचा पापुद्रा तेल, फेस आणि तरंगत्या कचऱ्याचा असतो. पात्रात उतरून एकाहून जास्त ठिकाणचे नमुने घ्यायचे असतील तर खालच्या ठिकाणापासून सुरू करून वर जायचे. साधी प्लास्टिकची बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळतात. जिवाणूंसाठीची निर्जंतुक बाटली मात्र कधीच विसळायची नाही, तिच्यात बहुधा क्लोरीन मारण्यासाठी सोडियम थायोसल्फेट घातलेले असते. आम्ल घातलेल्या बाटल्याही विसळायच्या नाहीत. तेल आणि ग्रीस तपासायचे तर काचेच्या बाटलीत थेट घ्यायचे, एका भांड्यातून दुसऱ्यात ओतले की तेल आधीच्या भांड्याच्या कडांना राहते.

पुढचा प्रवास म्हणजे वेळेशी शर्यत. बर्फाच्या पेटीत ४ अंशांच्या आसपास, अंधारात, आणि पेटीत ठेवल्याची वेळ लिहून. जिवाणूंचे नमुने शक्यतो सहा तासांत प्रयोगशाळेत लावावेत. नायट्रेटला आणि विरघळलेल्या फॉस्फेटला ४८ तास मिळतात, पण फॉस्फेटसाठी पाणी जागेवरच ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून काढावे लागते. तसे केले नाही तर बाटलीतले शेवाळ वाटेतच फॉस्फेट खाऊन टाकते. धातूंसाठी नायट्रिक आम्ल घालून सामू (पीएच, आम्लता-अल्कता दाखवणारा आकडा) २ च्या खाली आणतात, तेव्हा नमुना सहा महिने टिकतो. विरघळलेले धातू हवे असतील तर आधी गाळायचे, मग आम्ल घालायचे. क्रम उलटला तर गाळाला चिकटलेले धातू सुटून पाण्यात उतरतात आणि अहवालात नदी विषारी ठरते. सामू आणि तापमान यांना तर थांबायला वेळच नसतो, ते काठावरच मोजायचे.

सामूचा उल्लेख आला म्हणून अमोनियाबद्दल. अहवालात ‘अमोनिया नत्र’ असा एकच आकडा असतो, पण माशांना मारतो तो त्यातला आयन न झालेला भाग. २५ अंशांना सामू ७ असेल तर हा भाग अर्ध्या टक्क्याच्या थोडा वर असतो, सामू ८ ला पाच टक्क्यांच्या वर, आणि ९ ला सुमारे ३६ टक्के. शेवाळाच्या तलावात दुपारी सामू ९ वर सहज जातो. म्हणून सामू आणि तापमान न देता नुसत्या अमोनियाचा नकाशा छापला तर धोका कुठे आहे तेच कळत नाही.

बीओडीबद्दल, म्हणजे घाण कुजवताना जिवाणू जो ऑक्सिजन वापरतात त्याच्या आकड्याबद्दल, दोन गोष्टी. ही चाचणी काही ठिकाणी २० अंशांवर ५ दिवस, तर काही उष्ण प्रदेशांत २७ अंशांवर ३ दिवस करतात. दोन वेगळ्या प्रयोगशाळांचे आकडे एका नकाशावर येणार असतील तर पद्धत विचारून घ्यावी. दुसरी गोष्ट जास्त गंभीर. या चाचणीत जिवाणूंनी काम करायचे असते. कारखान्याच्या पाण्यात जड धातू किंवा क्लोरीन असेल तर जिवाणूच मरतात आणि बीओडी कमी येतो. सर्वांत विषारी टप्पा मग नकाशावर निळा दिसतो. सीओडी (तीच घाण रसायनांनी जाळायला लागणारा ऑक्सिजन) खूप आणि बीओडी नगण्य, अशी जोडी दिसली की ती चांगली बातमी समजू नये. विषारीपणाची शंका घ्यावी आणि नमुना वेगवेगळ्या प्रमाणात पातळ करून पुन्हा लावायला सांगावे. पातळ केल्यावर बीओडी वाढत गेला तर शंका खरी.

विसर्गाशिवाय नदीचा कोणताही आकडा अर्धवट असतो. लिटरमधले मिलिग्रॅम गुणिले सेकंदाला घनमीटर, म्हणजे सेकंदाला ग्रॅम. त्याला ८६.४ ने गुणले की दिवसाला किलोग्रॅम. नदीला सेकंदाला ५ घनमीटर पाणी आहे आणि अमोनिया २ मिलिग्रॅम आहे, तर दिवसाला ८६४ किलो अमोनिया वाहतो आहे. पाऊस पडून विसर्ग ५० घनमीटर झाला आणि गावांचे सांडपाणी तेवढेच राहिले, तर तोच आकडा ०.२ वर येतो. नकाशा लालचा निळा होतो आणि ‘नदी सुधारली’ असा मथळा येतो, जरी एका नाल्याचेही पाणी कमी झालेले नसते. शेतातून आणि उघड्या जमिनीवरून येणारा गाळ व त्याला चिकटलेला फॉस्फरस मात्र उलट वागतो, विसर्ग वाढला की तोही वाढतो. कोरड्या दिवसांतच नमुने घेतले तर वर्षभरात वाहून आलेल्या फॉस्फरसचा मोठा वाटा हिशेबातच येत नाही. आकडा विसर्गाबरोबर उतरतो की चढतो, एवढ्या एका निरीक्षणावरून प्रदूषण नळातून येते आहे की जमिनीवरून, याचा बराच उलगडा होतो. आमच्या मते नदीच्या बातमीत याहून उपयोगाची ओळ दुसरी नाही.

विसर्ग मोजणे अवघड नाही, कष्टाचे आहे. पात्रावर दोरी ताणून वीसेक उभे भाग पाडायचे, प्रत्येकाची खोली मोजायची, आणि पृष्ठभागापासून खोलीच्या ०.६ पटीवर वेगमापकाने वेग घ्यायचा. पाणी खोल असेल तर ०.२ आणि ०.८ पटीवर घेऊन सरासरी काढायची. रुंदी, खोली आणि वेग यांचा गुणाकार करून बेरीज. कोणत्याही एका भागातून एकूण पाण्याच्या दहा टक्क्यांहून जास्त पाणी जात असेल तर तो भाग आणखी तोडायचा. पाण्यावर लाकूड सोडून वेग काढला तर तो पृष्ठभागाचा असतो, सरासरीसाठी त्याला साधारण ०.८५ ने गुणावे लागते.

तलावाला तिसरे परिमाण आहे, आणि कागदावरच्या नकाशात ते मावत नाही. उन्हाने वरचे पाणी तापून हलके होते, खालचे थंड आणि जड राहते, मध्ये दर मीटरला एक अंशाहून जास्त तापमान उतरणारा पट्टा तयार होतो. या पट्ट्याखाली हवा पोहोचत नाही. वर ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन असताना तळाशी शून्य असू शकतो. ऑक्सिजन संपला की गाळात लोहाशी बांधलेले फॉस्फेट सुटते, मँगनीज वर येते, सडक्या अंड्यासारख्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. वारा सुटून किंवा थंडी पडून थर मोडले की हे सगळे एकदम वर येते, आणि आदल्या आठवड्यात निळ्या रंगवलेल्या तलावात मासे उलटे तरंगतात. म्हणून सर्वांत खोल जागी नाव उभी करून दर मीटरला तापमान आणि ऑक्सिजन मोजलेला आलेख नकाशाशेजारी हवाच. प्रोबची तार तिरकी गेली तर खोली चुकते, वाऱ्यात नांगर टाकल्याशिवाय हे काम करू नये. आणि प्रोब गाळात रुतला तर शून्य आकडा गाळाचा असतो, पाण्याचा नव्हे.

पारदर्शकता मोजायला आजही सेकी तबकडी वापरतात. अँजेलो सेकी यांनी १८६५ मध्ये ती समुद्रात वापरली. तलावासाठी २० सेंटिमीटर व्यासाची, काळ्या-पांढऱ्या चतकोरांची तबकडी नावेच्या सावलीच्या बाजूने सोडतात. दिसेनाशी होते ती खोली आणि वर ओढताना पुन्हा दिसते ती खोली, या दोन्हींची सरासरी घ्यायची. गॉगल काढून, आणि सकाळी दहा ते दुपारी दोनच्या दरम्यान. कार्लसन यांनी १९७७ मध्ये दिलेल्या पोषण निर्देशांकात (तलाव शेवाळाला किती पोषक आहे ते सांगणारा आकडा) या खोलीचा नैसर्गिक लॉगॅरिदम १४.४१ ने गुणून ६० मधून वजा करतात. एक मीटर खोलीला ६०, दोन मीटरला ५०, अर्ध्या मीटरला ७०. सोपे आहे, पण पाणी शेवाळाने गढूळ आहे की मातीने, हे तबकडीला कळत नाही. हरितद्रव्यावरून काढलेला निर्देशांक सोबत काढला आणि तो तबकडीच्या निर्देशांकापेक्षा बराच कमी आला, तर गढूळपणा मातीचा आहे. अशा तलावाला ‘अतिपोषित’ म्हणून रंगवणे चूक.

एकत्रित ‘पाणी गुणवत्ता निर्देशांक’ वाचकाला सोयीचा वाटतो, आणि आमचा सर्वांत मोठा आक्षेप त्यालाच आहे. सात घटकांना शंभरपैकी गुण दिले. सहांना ९० मिळाले आणि जिवाणूंना ५. सरासरी जवळजवळ ७८ येते, वर्ग ‘चांगले’. त्या पाण्यात मुले उतरली तर आजारी पडतील. युरोपीय संघाच्या पाणी धोरणाच्या चौकटीत एकही घटक नापास झाला तर पाण्याची एकूण स्थिती सर्वांत वाईट घटकावरून ठरते. त्या नियमावर कडकपणाचा आरोप होतो, कारण एका घटकापायी बाकीची सुधारणा झाकली जाते. तरीही निर्देशांक छापायचाच असेल तर सर्वांत कमी गुणांचा घटक कोणता आणि त्याला किती गुण, हे त्याच ओळीत छापावे.

जिवाणूंच्या आकड्यांना साधी सरासरी लावू नये. १००, २०० आणि २०,००० या तीन आकड्यांची साधी सरासरी ६,७०० च्या वर येते, भूमितीय सरासरी (तिन्हींच्या गुणाकाराचे घनमूळ) सुमारे ७३७. दोन्हींचा अर्थ वेगळा आहे, म्हणून कोणती काढली ते सांगावे आणि सर्वांत मोठा आकडाही द्यावा. पाच-पाच नळ्यांच्या एमपीएन पद्धतीत (किती नळ्यांत जिवाणू वाढले यावरून संख्येचा अंदाज काढतात) खरी संख्या छापलेल्या आकड्याच्या तिसऱ्या भागापासून तिपटीपर्यंत कुठेही असू शकते. गेल्या महिन्यात २४० आणि या महिन्यात ३५० आले, यावर ‘प्रदूषण वाढले’ अशी बातमी होत नाही.

आता रंग भरण्याबद्दल. संगणकाला चार ठिपके दिले तरी तो पूर्ण तलाव रंगवून देतो. ठिपक्यांमधल्या जागी जवळच्या आकड्यांना जास्त वजन देऊन सरासरी काढायची, एवढेच त्यातले गणित. चारही ठिपके काठावर असतील तर मधला सगळा रंग अंदाजाचा आहे, आणि वाचकाला तो मोजलेला वाटतो. क्रिगिंग नावाची पद्धत अंदाजाबरोबर त्याची अनिश्चितताही काढून देते, पण तिला चांगले तीस-चाळीस ठिपके लागतात. नदीच्या बाबतीत तर हे गणित सरळ चुकते. वळण घेणाऱ्या नदीचे दोन टप्पे नकाशावर शेजारी दिसतात, पण पाण्याच्या वाटेने त्यांच्यात कित्येक किलोमीटरचे अंतर असते. संगणक सरळ रेषेत अंतर मोजतो आणि खालच्या टप्प्याची घाण वरच्या टप्प्याला लावतो. कधी तर उपनदीच्या स्वच्छ पाण्यालाही. नदीसाठी अंतर प्रवाहाच्या वाटेनेच मोजायचे, रंग फक्त वरून खाली पसरवायचा, आणि उपनदी किंवा नाला मिळतो तिथे तोडायचा.

ठिपक्यांच्या जागाही तपासाव्यात. २० अंश ३० मिनिटे म्हणजे २०.५ अंश. ते २०.३० असे टंकले गेले तर ठिपका सुमारे २२ किलोमीटर सरकतो. दशांशानंतर दोनच आकडे लिहिले तर जागा किलोमीटरभर इकडेतिकडे होऊ शकते, चार लिहिले तर दहा-अकरा मीटरवर येते. ठिपका पाण्याऐवजी जमिनीवर पडला, तर त्या नमुन्याच्या बाकीच्या नोंदींकडेही संशयाने बघावे.

उपग्रहाच्या चित्रांबद्दल उत्साह वाढतो आहे आणि तो योग्यही आहे. सेंटिनेल-२ या युरोपीय मोहिमेच्या दोन उपग्रहांमुळे साधारण दर पाच दिवसांनी चित्र मिळते, प्रकाशाच्या काही पट्ट्यांत १० मीटर तपशिलाचे; अमेरिकेचे लँडसॅट ८ आणि ९ मिळून आठ दिवसांनी, ३० मीटरचे. दोन्ही विनामूल्य आहेत. पण उपग्रहाला दिसते ते प्रकाशाशी खेळणारेच: हरितद्रव्य, गाळ, पाण्यात विरघळलेले तपकिरी सेंद्रिय द्रव्य, आणि उष्णतेच्या पट्ट्यात पृष्ठभागाचे तापमान. नायट्रेट, ऑक्सिजन, जिवाणू, धातू त्याला दिसत नाहीत. ‘उपग्रहाने जड धातू शोधले’ अशी बातमी आली तर जमिनीवरचे नमुने कुठले, हे विचारावे. हरितद्रव्यासाठी ६६५ आणि ७०५ नॅनोमीटरच्या पट्ट्यांतला फरक भागिले त्यांची बेरीज, हा निर्देशांक गढूळ तलावांत बरा चालतो. ७०५ चा पट्टा मात्र २० मीटर तपशिलाचा आहे. त्यामुळे काठापासून चित्राचे निदान दोन चौकोन (पिक्सेल) सोडून द्यावेत. तिथे झाडे आणि पाणी एकाच चौकोनात मिसळतात आणि काठ कायम शेवाळलेला दिसतो. जलपर्णीही शेवाळासारखीच दिसते. अरुंद नदीला हे चित्र उपयोगी नाही. आणि उपग्रह वरून जाण्याच्या आगेमागे तीन तासांत नावेतून घेतलेल्या नमुन्यांशी ताळा जमवल्याशिवाय निर्देशांकाचे मायक्रोग्रॅममध्ये रूपांतर करू नये.

अहवाल हाती आल्यावर बातमीदाराला टेबलावर बसूनच काही चुका पकडता येतात. बीओडी सीओडीपेक्षा जास्त असू शकत नाही. विरघळलेला फॉस्फरस एकूण फॉस्फरसपेक्षा जास्त असू शकत नाही. विरघळलेल्या क्षारांचा आकडा वाहकतेच्या साधारण ०.५५ ते ०.७ पट असतो. धन आणि ऋण आयनांची बेरीज मिलिइक्विव्हॅलंटमध्ये (विद्युतभाराच्या हिशेबाने) पाच टक्क्यांच्या आत जुळली पाहिजे. दर दहा नमुन्यांत एक दुहेरी (त्याच जागी पुन्हा घेतलेला) आणि एक कोरा, म्हणजे शुद्ध पाण्याची बाटली काठापर्यंत नेऊन आणलेली, असे दोन्ही घेतले होते का, हे विचारावे. कोऱ्या बाटलीत जस्त सापडले तर नदीतल्या जस्तावर विश्वास ठेवता येत नाही. ‘आढळले नाही’ याला शून्य समजून सरासरीत घालू नये. उपकरणाची मर्यादा ०.०५ असेल आणि धोक्याची पातळी ०.०१ असेल, तर ‘आढळले नाही’ म्हणजे तपासणी झालीच नाही.

आपल्या चित्रकारांसाठी एक सूचना. नमुन्याचा ठिपका काळ्या कडेचा ठेवावा आणि त्यातच मोजलेल्या आकड्याचा रंग भरावा. आदल्या आणि नंतरच्या ठिपक्यांमध्ये एखादा नाला, बंधारा किंवा उपनदी असेल तर मधली नदी राखाडी सोडावी. पूर्ण तक्ता छापील अंकात मावत नसेल तर संकेतस्थळावर ठेवावा, त्यात प्रत्येक ओळीला अक्षांश-रेखांश, तारीख, वेळ, खोली, तापमान, विसर्ग, पद्धत आणि मोजण्याची किमान मर्यादा असे स्तंभ असावेत. ज्या संस्थेकडे हे स्तंभ भरलेले नसतील तिच्याकडे ते मागावेत, आणि मिळेपर्यंत तिचे आकडे नकाशावर न घेता नुसत्या मजकुरात द्यावेत.

आपले,
पाण्याची तपासणी आणि नकाशे करणारे काही वाचक